पुढचे मॉडेल घ्यावे का? आधी हातातला फोन तपासा

सॅमसंगची ‘गॅलेक्सी एस’ मालिका वर्षाच्या सुरुवातीला येते आणि नवे आयफोन सप्टेंबरात येतात. त्यानंतरचे काही आठवडे नव्या मॉडेलमध्ये काय आहे याचीच चर्चा चालू असते. फोन बदलावा की नाही हे ठरवायला बसलेल्या माणसाने मात्र या चर्चेपासून सुरुवात करू नये, असे माझे मत आहे. नव्या फोनमध्ये काहीतरी चांगले असणारच. त्याचा आपल्या निर्णयाशी संबंध येतो तो हातातला फोन एखाद्या ठरावीक कामाला कमी पडत असेल आणि ती उणीव दुरुस्तीने भरून निघण्यासारखी नसेल तेव्हाच. म्हणून आधी जुन्या फोनची तपासणी करावी आणि नव्याची चौकशी नंतर.

तपासणीचा आरंभ सुरक्षा अपडेटच्या तारखेपासून करावा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ या भागात अँड्रॉइडची आवृत्ती आणि शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती तारीख दोन-तीन महिन्यांपूर्वीची असेल तर काळजीचे कारण नाही, कारण स्वस्त फोनना अपडेट दर महिन्याला मिळतातच असे नाही. पण ती वर्षाहून जुनी असेल आणि अपडेट शोधूनही काही मिळत नसेल, तर कंपनीने त्या फोनकडे लक्ष देणे थांबवले आहे असे धरून चालावे. ज्या फोनवरून आपण यूपीआयने पैसे देतो आणि बँकेचे ॲप चालवतो, तो फोन अशा अवस्थेत वर्षानुवर्षे वापरणे शहाणपणाचे नाही. बॅटरी बदलता येते, काच बदलता येते, पण बंद झालेले अपडेट कोणत्याही दुकानात मिळत नाही. त्यामुळे फोन बदलण्याच्या सगळ्या कारणांमध्ये मी हे पहिले मानतो. व्हॉट्सॲप चालते आहे म्हणजे फोन सुरक्षित आहे, हा समज मात्र सोडून द्यावा. व्हॉट्सॲपने २०२५च्या आरंभी अँड्रॉइड ४.४ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांवर चालणे थांबवले, तेव्हाही २०१४मध्ये आलेली अँड्रॉइड ५ त्याला चालत होती.

अपडेट किती वर्षे मिळणार, हे मॉडेलनुसार बरेच बदलते. गूगलने ऑक्टोबर २०२३मधील आपल्या पिक्सेल ८ या फोनपासून आणि सॅमसंगने जानेवारी २०२४मधील गॅलेक्सी एस२४पासून सात वर्षांचे आश्वासन दिले आहे, तर त्याच्या आधीच्या एस२३ला अँड्रॉइडच्या चार नव्या आवृत्त्या आणि पाच वर्षांची सुरक्षा अपडेट एवढेच आश्वासन होते. ही वर्षे मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात, आपण विकत घेतल्यापासून नव्हे. दोन वर्षांपूर्वीचे मॉडेल सवलतीत घेणाऱ्याच्या ध्यानात ही गोष्ट सहसा येत नाही. ॲपल असे आश्वासन ठळकपणे देत नाही, पण तिचा आजवरचा रिवाज पाहता येतो. २०१८चे आयफोन एक्सएस आणि एक्सआर सप्टेंबर २०२५मध्ये आयओएस २६ (आयफोन चालवणाऱ्या प्रणालीची नवी आवृत्ती) आली तेव्हा यादीबाहेर गेले, म्हणजे सुमारे सात वर्षे ते चालू आवृत्तीवर राहिले.

दुसरी तपासणी बॅटरीची, आणि खरे सांगायचे तर ‘फोन जुना झाला’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथेच सापडते. लिथियम-आयन बॅटरी वापराने आणि उष्णतेने झिजते. ॲपलच्या म्हणण्यानुसार आयफोन १४ आणि त्याआधीच्या मॉडेलांची बॅटरी ५०० पूर्ण आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहावी अशी बनवलेली आहे. आयफोन १५पासून हा आकडा १,००० आवर्तनांचा झाला. एक आवर्तन म्हणजे एकंदर शंभर टक्के बॅटरी खर्च होणे, मग ती एका दिवसात होवो किंवा दोन दिवसांत. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये बॅटरीच्या भागात उरलेली कमाल क्षमता टक्केवारीत दिसते, आणि सॅमसंगच्या फोनमध्ये ‘सॅमसंग मेंबर्स’ या ॲपमधून बॅटरीची चाचणी करता येते.

झिजलेल्या बॅटरीमुळे फोन लवकर बंद पडतो एवढेच घडते असे नाही. तो मंदही होऊ शकतो. जुनी बॅटरी प्रोसेसरला एकदम लागणारी वीज पुरवू शकत नाही आणि फोन अचानक बंद पडतो, म्हणून ॲपलने काही जुन्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला होता. डिसेंबर २०१७मध्ये हे उघड झाल्यावर कंपनीने ग्राहकांची माफी मागितली आणि २०१८ या वर्षापुरता अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. पुढे जानेवारी २०१९मध्ये कंपनीचे प्रमुख म्हणून टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना लिहिलेल्या पत्रात आयफोनची विक्री अपेक्षेपेक्षा कमी होण्याची जी कारणे दिली, त्यांत लोकांनी स्वस्तात बॅटरी बदलून घेतल्या हेही एक कारण होते. बॅटरी बदलल्यावर कितीतरी लोकांची नव्या फोनची गरज पुढे ढकलली जाते, याची याहून चांगली साक्ष कोणती असणार? दुचाकीची बॅटरी उतरली म्हणून कोणी दुचाकी विकायला काढत नाही. क्षमता ८० टक्क्यांच्या खाली गेली असेल आणि अपडेट अजून दोन वर्षे तरी मिळणार असतील, तर अधिकृत सेवा केंद्रात बॅटरी बदलून घ्यावी आणि एक महिना फोन वापरून मगच पुढचा विचार करावा. बॅटरी फुगून मागचे झाकण किंवा स्क्रीन उचलली गेली असेल, तर मात्र महिनाभर काय, दिवसभरही थांबू नये.

स्टोरेजचे काम घरच्या घरी होते. फोनची साठवणुकीची जागा (फ्लॅश मेमरी) काठोकाठ भरली की नवे काही लिहिण्यासाठी तिला जागा मोकळी करण्याची खटपट सतत करावी लागते आणि फोन अडखळतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये कोणत्या गटाने किती जागा खाल्ली आहे ते दिसते. सकाळच्या शुभेच्छांची चित्रे आणि फॉरवर्ड होऊन आलेले व्हिडिओ काढून टाकून एकूण जागेच्या दहा-पंधरा टक्के तरी मोकळे ठेवावे. काच फुटणे, चार्जिंगची खाच सैल होणे, स्पीकर बसणे या गोष्टी दुरुस्तीच्याच आहेत. दुरुस्तीचा खर्च फोनच्या आजच्या विक्रीमूल्याच्या निम्म्याहून अधिक असेल तर ती करू नये, हा ठोकताळा मी पाळतो. फक्त मदरबोर्ड (फोनची मुख्य सर्किटपट्टी) बिघडला असेल तर खर्च कमी असला तरी दुरुस्ती करू नये, कारण एकदा उघडून जुळवलेला मदरबोर्ड किती काळ टिकेल याची खात्री देता येत नाही.

एवढे करूनही उणीव उरली, तर नव्या मॉडेलकडे वळावे. इथे लक्षात ठेवायचे ते असे की दोन लागोपाठच्या मॉडेलांतले अंतर दरवर्षी सारखे नसते. २०२१च्या आयफोन १३मध्ये ए१५ ही चिप होती आणि २०२२च्या आयफोन १४मध्येही ए१५च होती. चिपमध्ये ग्राफिक्सचा एक गाभा (कोअर) अधिक, थोडी जास्त मेमरी (रॅम) आणि अपघात ओळखण्याची सोय असे बदल होते, पण १३ वापरणाऱ्याने एवढ्यासाठी फोन बदलण्याचे कारण नव्हते. पुढच्या वर्षी आयफोन १५ने यूएसबी-सी, ४८ मेगापिक्सेलचा मुख्य कॅमेरा आणि जास्त टिकणारी बॅटरी आणली. सॅमसंगच्या बाजूला एस२४ आणि एस२५ यांचे कॅमेरे, ४,००० एमएएचची बॅटरी आणि २५ वॉटचे चार्जिंग कागदावर तरी तेच राहिले. भारतात मोठा फरक पडला तो प्रोसेसरमध्ये, कारण एस२४ला सॅमसंगचा स्वतःचा एक्सिनॉस होता आणि एस२५ला क्वालकॉम कंपनीचा स्नॅपड्रॅगन मिळाला, शिवाय मेमरी ८ जीबीवरून १२ जीबी झाली. म्हणून ‘नवे मॉडेल’ हा शब्दप्रयोग बाजूला ठेवून दोन्ही फोनचे तपशील एका कागदावर समोरासमोर लिहावेत आणि जिथे फरक आहे तिथे आपले कोणते काम सुधारते ते पुढे लिहावे. ‘कॅमेरा चांगला आहे’ हे पुरेसे उत्तर नाही. ‘दुकानातल्या मालाचे फोटो संध्याकाळच्या उजेडात काढावे लागतात आणि ते अंधुक येतात’ हे पुरेसे आहे. ज्याचे सगळे फोटो व्हॉट्सॲपवरून जातात, त्याला मेगापिक्सेल वाढून विशेष लाभ होत नाही, कारण पाठवताना ॲप फोटो आकसूनच पाठवते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयींबद्दलही हाच नियम. ॲपलच्या या सोयी २०२३च्या आयफोन १५वर चालत नाहीत, १५ प्रोवर चालतात, कारण त्यांना मेमरी जास्त लागते. पण त्या आपण खरोखर वापरणार आहोत का, आणि मराठीतून वापरू शकतो का, हे दुकानात ठेवलेल्या फोनवर करून पाहावे. ५जीसाठी फोन बदलणाऱ्याने आपला रिचार्जही तपासावा. भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, परंतु जुलै २०२४च्या दरवाढीनंतर जिओ आणि एअरटेल यांनी अमर्याद ५जी साधारणपणे रोज २ जीबी किंवा अधिक डेटा देणाऱ्या योजनांपुरते ठेवले. घरात वाय-फाय आहे आणि रिचार्ज त्याहून लहान आहे, तर ४जी फोनने अडते कुठे?

आता पैशांचा हिशेब. किंमत पाहताना फोन किती वर्षे अपडेट मिळवत राहील त्या वर्षांनी तिला भागावे. सप्टेंबर २०२५मध्ये आयफोन १७ भारतात २५६ जीबीसह ८२,९०० रुपयांना आला आणि त्याच वेळी १२८ जीबीचा आयफोन १६ ७९,९०० वरून ६९,९०० रुपयांवर आला. दोघांनाही बाजारात आल्यापासून सात वर्षे मिळतील असे धरले, तर १७चा खर्च वर्षाला सुमारे ११,८४३ रुपये होतो आणि १६ला सहाच वर्षे उरल्यामुळे त्याचा ११,६५० रुपये. दुकानात तेरा हजारांचा दिसणारा फरक वर्षाकाठी दोनशे रुपयांच्या आत येतो, आणि त्यात स्टोरेज दुप्पट मिळते. अर्थात हा हिशेब फोन शेवटपर्यंत वापरणाऱ्यासाठी आहे. दोन-तीन वर्षांनी विकणाऱ्याने किमतीतून अपेक्षित विक्रीमूल्य वजा करून वापराच्या वर्षांनी भागावे. उत्तर काहीही येवो, नवे मॉडेल येण्याच्या आदल्या महिन्यात चालू मॉडेल पूर्ण किमतीला घेऊ नये. दसरा-दिवाळीच्या विक्रीपर्यंत थांबता येत असेल तर थांबावे.

विनाव्याज हप्त्यांच्या जाहिराती वाचताना एक गोष्ट ध्यानात असावी. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३मध्ये बँकांच्या शून्य टक्के व्याजाच्या योजनांना मनाई केली. तेव्हापासून बँक व्याज लावतेच. विक्रेता तेवढी रक्कम किमतीतून आधी वजा करतो. क्रेडिट कार्डावरचे हप्ते असतील तर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, आणि प्रक्रिया शुल्क असेल तर तेही, मात्र ग्राहकाच्या माथी येते. शिवाय एकरकमी पैसे देणाऱ्याला मिळणारी सवलत हप्तेवाल्याला मिळेलच असे नाही, म्हणून दोन्ही मार्गांनी खिशातून जाणारी अखेरची रक्कम लिहून पाहावी. जुना फोन देऊन नवा घेताना ‘एक्सचेंज बोनस’ वेगळा आणि जुन्या फोनची किंमत वेगळी मांडून घ्यावी. बोनस वगळता मिळणारी किंमत अगदीच तुटपुंजी असेल, तर तो फोन घरात दुसऱ्या कोणाच्या कामी येतो का ते आधी पाहावे.

ऑनलाइन एक्सचेंजमध्ये आणखी एक अडचण असते, आणि ती मागणी नोंदवण्यापूर्वीच विचारात घ्यावी: नवा फोन घेऊन येणारा माणूस बहुधा त्याच वेळी दारात जुना तपासून घेऊन जातो, त्यामुळे दोन्ही फोन शेजारी ठेवून माहिती हलवण्यास वेळ मिळत नाही. म्हणून व्हॉट्सॲपसह सगळ्याचा बॅकअप आदल्या दिवशीच घ्यावा. आयफोनवरून आयफोनवर जाणाऱ्याला नव्या फोनच्या तयारीसाठी आयक्लाउडवर तात्पुरती मोफत जागा मिळते. दोन टप्प्यांच्या पडताळणीचे (लॉगिनसाठी कोड देणारे) ॲप वापरत असाल तर त्यातील खाती हलवण्याची सोय आधी करून ठेवावी. ई-सिम (फोनमध्येच बसवलेले, काढता न येणारे सिम) असेल तर ते नव्या फोनवर कसे जाईल हे सेवा देणाऱ्या कंपनीकडून विचारून घ्यावे. मग गूगल किंवा ॲपलच्या खात्यातून बाहेर पडून फोन पूर्ण कोरा करावा, कारण खाते तसेच राहिले तर तो कुलूपबंद राहतो आणि दारातला माणूस तो स्वीकारत नाही. ही सगळी धावपळ नको असेल, तर एक्सचेंजशिवाय नवा फोन घ्यावा, आठवडाभर दोन्ही जवळ ठेवावेत आणि बँकेची ॲप व यूपीआय नव्यावर सुरळीत चालू झाल्यावरच जुना विकावा. त्यात हजार-दोन हजार कमी मिळाले तरी मी हाच मार्ग निवडेन.