आतेभाऊ-मामेबहिणीचं लग्न: एचएलए किती जुळतं ते कसं काढायचं

गोत्र वडिलांकडून येतं, म्हणून मामाची मुलगी सगोत्र ठरत नाही. जनुकांचा हिशेब मात्र आईकडूनही चालतो, एचएलए या प्रतिकारशक्तीच्या जनुकांचाही. तेव्हा आधी वंशवृक्ष मांडा.

मुलीपासून तिचे वडील, मग आजोबा, तिथून मुलाची आई, मग मुलगा: ४ पायऱ्या. आजीकडूनही तेवढ्याच. प्रत्येक पायरीला निम्मे, म्हणजे १/१६ अधिक १/१६ = १/८ जनुकं सामाईक. मामा-भाचीत पायऱ्या ३, म्हणून १/४. चूक होते ती इथे: आजी-आजोबाही नात्यातलेच असतील तर त्या वाटा वेगळ्या मोजून मिळवाव्या लागतात. पिढ्यान्‌पिढ्या मामाकडचीच मुलगी केलेल्या घरांत आकडा त्यामुळे वाढतो.

एचएलए जनुकं सहाव्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी असतात आणि बहुधा अख्खा संचच पुढे जातो. एक आईकडून, एक वडिलांकडून. आते-मामे भावंडांत आजी-आजोबांचा एखादा संच दोघांकडे असण्याची शक्यता १/४. तसा असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तोच संच दोन्हीकडून मिळण्याची शक्यता पुन्हा १/४.

चाचणीत ए, बी, सी, डीआरबी१ आणि डीक्यूबी१ ही एचएलए जनुकं मागा, आणि ‘ए*२४:०२’ (म्हणजे ए जनुकाचा २४:०२ हा प्रकार) असा चार अंकी निकाल. दोघांच्या आईवडिलांचेही नमुने द्या. त्यांच्याशिवाय कोणता प्रकार कोणत्या संचातला हे नीट उलगडत नाही. एकटा ए*२४:०२ जुळला म्हणून हुरळू नका, घाबरूही नका. तो आपल्याकडे बराच आढळतो. संच सामाईक म्हणायला अख्खी ओळ जुळायला हवी.

जोडीदार निवडताना निसर्ग वेगळं एचएलए निवडतो का? १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नला जीवशास्त्रज्ञ क्लाउस वेडेकिंड यांनी पुरुषांनी दोन रात्री घातलेले टी-शर्ट मुलींना हुंगायला दिले. वेगळ्या एचएलएचा वास अधिक आवडला, गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्यांत मात्र उलटं दिसलं. अमेरिकेतल्या हटराइट या आपसातच लग्नं करणाऱ्या धार्मिक समाजात जनुकशास्त्रज्ञ कॅरोल ओबर यांना सारख्या संचाची जोडपी अपेक्षेपेक्षा कमी आढळली. पुढच्या अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत. एवढ्यावर स्थळ मोडणं म्हणजे पत्रिकेच्या जागी दुसरी पत्रिका.

नात्यात लग्न करताना खरा पैसा दोघांच्या हिमोग्लोबिन ए२ या रक्तचाचणीवर घाला. ३.५ टक्क्यांच्या वर आकडा आला तर थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वाहक असल्याचा संशय धरतात. लोह कमी असेल तर तो आकडा खाली दिसू शकतो. लोह भरून काढून चाचणी पुन्हा करा. घरात कुणाला आनुवंशिक आजार असेल, तर आधी त्या रुग्णाची जनुक तपासणी करा. नेमका दोष कळल्याशिवाय वधू-वरांत काय शोधायचं हेच ठरत नाही.