नव्या राउटरवर जुनी वाय-फाय उपकरणं जोडताना

राउटर बदलला की मोबाइल आणि टीव्ही लगेच जोडले जातात; अडून बसतो तो जुना प्रिंटर, स्मार्ट प्लग किंवा सोलर इन्व्हर्टरचा वाय-फाय डाँगल. घाईने रीसेटचं बटण दाबू नका, त्याने असलेली सेटिंगही जाते. आधी घोडं नेमकं कुठे अडलंय ते बघा: नेटवर्कचं नाव दिसतच नाही, नाव दिसतं पण पासवर्ड चालत नाही, की जोडलं जाऊनही काम होत नाही.

त्याआधी एक फुकटचा उपाय. नव्या राउटरला जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, कॅपिटल-स्मॉल अक्षरं आणि मधल्या मोकळ्या जागांसकट. बरीचशी उपकरणं आपोआप जोडली जातात.

नाव दिसत नसेल, तर उपकरणाला बहुधा वाय-फायच्या २.४ आणि ५ या दोन पट्ट्यांपैकी फक्त २.४ गिगाहर्ट्‌झ कळतं. राउटरच्या खालच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून वायरलेस सेटिंग उघडा, ‘स्मार्ट कनेक्ट’ (दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देणारी सोय) बंद करा आणि २.४ ला वेगळं नाव द्या. चॅनेल ‘ऑटो’वर न ठेवता १, ६ किंवा ११ निवडा. भारतात १२ आणि १३ही चालतात, पण अमेरिकेतून आणलेल्या उपकरणांना ते सहसा दिसत नाहीत. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवा. जुन्या लॅपटॉपला वाय-फाय ६चं नेटवर्क दिसत नसेल, तर दोष बहुतेक वेळा वाय-फाय कार्डच्या जुन्या ड्रायव्हरचा असतो. तो अपडेट करा. जमलं नाही, तर २.४ वरचा ‘एएक्स’ (म्हणजे वाय-फाय ६) मोड बंद करा.

पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जातो, तेव्हा सुरक्षेची सेटिंग बघा. बरेच नवे राउटर डब्ल्यूपीए-३ (वाय-फायच्या सुरक्षेची नवी पद्धत; डब्ल्यूपीए-२ ही आधीची) किंवा २ आणि ३ची मिश्र पद्धत लावून येतात. मिश्र पद्धत दोघांनाही चालायला हवी, पण काही जुनी उपकरणं तिच्यापुढे गोंधळतात. २.४ वर निव्वळ ‘डब्ल्यूपीए-२ पर्सनल, एईएस’ निवडा. ‘पीएमएफ’ नावाचा (जोडणीच्या संदेशांना संरक्षण देणारा) पर्याय ‘रिक्वायर्ड’वर असेल तर तो ‘ऑप्शनल’ करा, तरीही अडलं तर बंद करा. डब्ल्यूपीएसचं (पासवर्ड न टाकता जोडण्याचं) बटण दाबून काही होत नसेल, तर कारण हेच असू शकतं: डब्ल्यूपीए-३ मध्ये ती सोय नाही.

फक्त डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी या जुन्या सुरक्षा पद्धती समजणाऱ्या म्हाताऱ्या उपकरणासाठी मात्र सुरक्षा खाली आणू नका. डब्ल्यूईपी काही मिनिटांत फुटतं, आणि या दोन्हींसोबत वाय-फाय ४ आणि पुढचे वेग चालत नसल्याने गाडी ५४ मेगाबिटवर येते. उपकरणाला लॅन पोर्ट (नेटवर्क केबलची जागा) असेल तर सरळ केबल लावा.

डब्ल्यूपीए-२चं हे नेटवर्क वेगळं ठेवून मुख्य नेटवर्क डब्ल्यूपीए-३ वर ठेवणं उत्तम. त्यासाठी गेस्ट नेटवर्क वापरता येतं, पण प्रिंटर तिथे टाकू नका. गेस्टवरची उपकरणं घरातल्या बाकीच्यांपासून तोडलेली असतात. प्रिंटर इंटरनेटला जोडलेला दिसेल, पण मोबाइलवरून छपाई होणार नाही. प्लग-बल्ब तिथे खुशाल राहू देत.

जोडलेला प्रिंटर छापत नसेल, तर त्याचा आयपी पत्ता तपासा. प्रिंटरमध्ये १९२.१६८.१.५० असा कायमचा पत्ता भरलेला असेल आणि नवा राउटर जिओफायबरसारखा १९२.१६८.२९.१ वर असेल, तर दोघांची गाठ पडणार नाही. प्रिंटरच्या मेनूत पत्ता ‘डीएचसीपी’वर (म्हणजे राउटरने आपोआप देण्यावर) आणा, मग राउटरमध्ये तो राखून ठेवा आणि संगणकावरून जुना प्रिंटर काढून नव्याने जोडा.

स्मार्ट प्लग जोडताना मोबाइलही २.४ वर हवा, मोबाइल डेटा बंद आणि ॲपला लोकेशनची परवानगी दिलेली.

इंटरनेटवाल्याच्या राउटरमध्ये यातले पर्याय कुलूपबंद असले, तर जुना राउटर कामाला येतो. त्याला १९२.१६८.२९.२५० सारखा, नव्या राउटरच्याच रांगेतला पण कुणाला न दिलेला पत्ता द्या, मग त्याचं डीएचसीपी बंद करा, आणि नव्याच्या लॅन पोर्टपासून जुन्याच्या लॅन पोर्टला केबल लावा. केबल वॅन पोर्टला (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या जागी) लावली तर वेगळं नेटवर्क तयार होतं, आणि प्रिंटर पुन्हा गायब.