पूर्वजांचा माग काढताना या चुका टाळा

पूर्वजांचा शोध कागद न सापडल्यामुळे अडतो, त्याहून जास्त वेळा भलत्याच माणसाचा कागद आपला मानल्यामुळे भरकटतो. नाव जुळलं, गाव जुळलं की मोह आवरत नाही. पण आजोबांचं नाव नातवाला देण्याची पद्धत अनेक समाजांत होती, त्यामुळे एकाच गावात एकाच नावाचे तीन चुलतभाऊ निघतात. जोडीदार, व्यवसाय, पत्ता, साक्षीदार यांपैकी आणखी दोन गोष्टी तरी जुळू द्या. त्या नावाचं मूल लहानपणीच वारल्याची नोंद आहे का, तेही तपासा. ऑनलाइन वंशवृक्षांत दोन वर्षांचं असताना वारलेलं मूल पुढे लग्न करून सहा मुलांचा बाप झालेलं दिसतं, आणि लोक तेच डोळे मिटून उतरवून घेतात!

वय जुळत नाही म्हणून खरा माणूस सोडून देणं ही याच्या उलट चूक. इंग्लंडच्या १८४१च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती. ३४ वर्षांचा माणूस तिथे ३०चा झाला. तारखांचंही तसंच. १७५२पूर्वी इंग्लंडमध्ये आणि तिच्या वसाहतींत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, आणि १७५२मध्ये कॅलेंडर बदलताना अकरा दिवसही गाळले गेले. म्हणून जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म जुन्या पद्धतीने ११ फेब्रुवारी १७३१चा, नव्या पद्धतीने २२ फेब्रुवारी १७३२चा.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत: ही माहिती दिली कोणी? मृत्यूच्या दाखल्यावरची मृत्यूची तारीख सहसा भरवशाची असते. पण त्याच दाखल्यावरचं जन्मगाव आणि आईवडिलांची नावं? ज्याला ती नक्की ठाऊक होती तो तर गेलेला. सांगणारा जावई असेल, तर सासऱ्याच्या आईचं नाव त्याने अंदाजानेच सांगितलेलं असू शकतं. जन्माच्या वेळी झालेली नोंद मिळाली, तर वजन तिला द्या.

नात्यांबाबतही घाई नको. अमेरिकेच्या जनगणनेत कुटुंबप्रमुखाशी असलेलं नातं १८८०पासून लिहू लागले. त्याआधीच्या पानावर मुलांची आई वाटणारी बाई कुटुंबप्रमुखाची बहीण असू शकते, मुलांची सावत्र आईही.

न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर, जिथे अमेरिकेत येणाऱ्या स्थलांतरितांची तपासणी होई, अधिकाऱ्यांनी आडनाव बदललं, ही घरोघरची आख्यायिका सोडून द्या. तिथले अधिकारी जहाजाच्या प्रवासी यादीवरून काम करत. नावं बहुधा लोकांनी स्वतःच नंतर बदलली.

नाव सापडतच नसेल, तर अनुक्रमणिका करणाऱ्याने अक्षर चुकीचं वाचलं असेल. आडनाव गाळून पहिलं नाव, वय आणि गाव टाकून पाहा, मग मूळ पानाचा स्कॅन उघडा आणि शेजारची घरंही वाचा. तरीही हाती काही लागलं नाही, तर कागदच उरलेत का ते बघा. अमेरिकेच्या १८९०च्या जनगणनेची बहुतेक पानं १९२१च्या आगीनंतर नष्ट झाली. डब्लिनचं अभिलेखागार १९२२मध्ये जळालं. अशा ठिकाणी मृत्युपत्रं, कराच्या याद्या, जमिनीचे व्यवहार आणि शहरांच्या जुन्या डिरेक्टऱ्या यांकडे वळा.