भंगलेल्या ग्रॅनाइटचा खडबडीतपणा मोजताना आलेली अडचण

एकाच तुकड्याचे आरए मूल्य, म्हणजे सरासरी पातळीपासून पृष्ठभाग सरासरी किती वरखाली जातो तो आकडा, दर वेळी वेगळे येत होते. मोजणीची लांबी वाढवली की आकडाही वाढे. प्रमाणित नमुन्यावर वाचन अचूक येत असल्याने उपकरणावर संशय घेण्याचे कारण नव्हते. ०.८ मिलिमीटरची नेहमीची फिल्टर-मर्यादा लावली की आकडा स्थिर होई, पण ते स्थैर्य फसवे होते, कारण ही मर्यादा यंत्रावर घडवलेल्या पृष्ठभागांसाठी सोयीची असून भंगपृष्ठाचे मोठे चढउतार ती सरळ वगळून टाकते.

म्हणून आधी लघुतम वर्ग पद्धतीने सरासरी प्रतल वजा करून नमुन्याचा तिरकेपणा काढून टाकला, आणि मग दोन बिंदूंमधील अंतर वाढवत नेऊन त्यांच्या उंचीतील फरकाचे वर्गमध्यमूळ (वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) लॉग-लॉग आलेखावर, म्हणजे दोन्ही अक्ष लॉगरिदमी असलेल्या आलेखावर, मांडले. रेषा बऱ्याच पल्ल्यात सरळ आली. तिचा चढ ०.८ च्या आसपास होता. धातूंच्या भंगपृष्ठांचा असा फ्रॅक्टल स्वभाव, म्हणजे लहान-मोठ्या पल्ल्यांत एकाच नियमाने वाढणारा खडबडीतपणा, मँडेलब्रॉ, पासोजा आणि पॉले यांनी १९८४ मध्येच दाखवला होता.

पृष्ठभागावरून ओढत उंची मोजणाऱ्या स्पर्शसुईचा नाद मात्र सोडावा लागला. ९० अंश शंकूची सुई ४५ अंशांहून तीव्र उतार गाठू शकत नाही, आणि ग्रॅनाइटमध्ये असे उतार पावलोपावली असतात. प्रकाशीय मापनात अभ्रकाच्या चकाकत्या पापुद्र्यांवरचे बिंदू गहाळ होत. प्रकाश तिरका केल्यावर बरेच परत मिळाले, उरलेल्या जागा अंदाजाने न भरता रिकाम्याच ठेवल्या. आता प्रत्येक आकड्यासोबत मोजणीची लांबी आणि बिंदूंमधील अंतर नोंदवतो.