माळ्यावरची पेटी वाजती करताना

सांगलीत गावभागातल्या जुन्या वाड्यांत माळ्यावर अजून पेट्या, म्हणजे हार्मोनियम, निघतात. आजोबा भजनाला वाजवायचे, ते गेले आणि पेटी पोत्यात गेली. अशा पेट्या मी वाजत्या करून शिकणाऱ्यांना वापरायला देतो. मागायला जाल तेव्हा "विकताय का?" असं चुकूनही विचारू नका; घरातली माणसं दुखावतात. "काकू, वाजती ठेवायला द्या, दसऱ्याला पूजेपुरती आणून देतो," म्हणा. मला अकरा पेट्या अशाच मिळाल्या. एकीबरोबर बेसनाचे लाडूही.

पेटी अंगणातच उघडा. झुरळं असतात, उंदरांच्या लेंड्या असतात. साफ झाली की सगळ्या खुंट्या (सुरांकडे हवा सोडणाऱ्या मुठी) बंद करून भाता मारा आणि थांबा. भरलेली हवा लगेच उतरली तर भात्याच्या घड्यांचे कोपरे चाचपा, चामडं बहुधा तिथंच फाटतं. पातळ, मऊ चामड्याचं ठिगळ लावा. चपलेचं नको, घडी मिटत नाही. खुंटी उघडल्यावर पट्टी न दाबताच सूर बोलत राहिला, तर पट्टीच्या मागच्या अंगाखाली कचरा अडकलाय का बघा.

सूर मुका असेल तर आत थरथरून सूर काढणाऱ्या पितळी जिभेखालून पातळ कागद हलकेच फिरवा. खरवडू मात्र नका. टोकाशी खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो, एवढं मला ठाऊक होतं. तेवढ्या जोरावर एक गंधार (ग) मोडून बसलो. आता सूर लावायला पेटी मिरजेच्या कारागिराकडेच नेतो.

2019 च्या पुरात भिजलेली एक पेटी मी घाईनं उन्हात ठेवली. लाकूड जोडणारा सरस सुटला, तळाची फळी उकलली. भिजलेली पेटी सुटी करून सावलीतच वाळवायची, महिना लागला तरी.

द्यायची कुणाला? शिकवणारं कुणी आहे का, हे आधी बघतो. बुधगावची एक मुलगी पुठ्ठ्यावर पेनानं पट्ट्या काढून त्यावर बोटं फिरवायची. शाई पुसली की पुन्हा गिरवायची. तिची गाण्याची पट्टी काळी चार, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीवर तिचा सा, म्हणून त्या पट्टीत खणखणीत बोलणारी पेटी शोधून ठेवली. वहीत कुणाची, कुणाला, कधी एवढं लिहितो. शिकणं सुटलं तर पेटी परत, हे पहिल्याच दिवशी सांगतो.

तिच्या आईनं पैसे विचारले. म्हटलं, पैसे राहू द्या, पावसाळ्यात पेटी भिंतीला टेकवून ठेवू नका.