हिशोब दाखवा, सूत्र नाही

गूगल शीटमध्ये नुसती 'व्ह्यू'ची परवानगी दिली तरी सेलवर क्लिक करताच फॉर्म्युला वर दिसतो. दादरच्या सुताराने वर्षानुवर्षं घोटून बसवलेलं घटीचं, म्हणजे कापताना वाया जाणाऱ्या मालाचं, गणित, मग ते प्लायचं असो वा लॅमिनेटचं, अंधेरीच्या डिझायनरकडे असं सहज जातं.

१. नवी, कोरी फाइल उघडा. जुन्यातच फॉर्म्युले पुसू नका. एडिटची परवानगी असलेल्याला जुनी आवृत्ती उघडता येते.
२. फक्त लागणारे रकाने कॉपी करून कंट्रोल-शिफ्ट-व्हीने पेस्ट करा. नुसते आकडे येतात.
३. लिंक सर्वांना खुली न ठेवता समोरच्याच्या ईमेलवर द्या. शेअरच्या सेटिंगमध्ये डाउनलोड, प्रिंट, कॉपी बंद करा.

स्क्रीनशॉट मात्र अडवता येत नाही. म्हणून खरेदीचे भाव या फाइलीत आणूच नका.