ग्राफीनवर डायझोनियम क्षार वापरताना या चुका टाळा

तांब्याच्या पत्र्यावर वाढवून सिलिकॉनवर उतरवलेले ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका जाड थर) ॲरिल डायझोनियम क्षाराच्या, म्हणजे त्यावर बेंझिनसारख्या वलयाचे (ॲरिल) गट जोडणाऱ्या क्षाराच्या, द्रावणात ठेवले आणि रामन वर्णपटात (विखुरलेल्या लेसर प्रकाशाच्या वर्णपटात) १३५० सेमी⁻¹ जवळ डी शिखर दिसले, की सहसंयुज बंध तयार झाला असे गृहीत धरणे ही सर्वांत प्रचलित चूक आहे. हे शिखर जाळीत दोष असल्याचे सांगते, पण तो दोष ॲरिल गटामुळे आला की ग्राफीन उतरवताना फाटल्यामुळे, हे त्यावरून कळत नाही. म्हणून अभिक्रियेपूर्वी त्याच जागेचा वर्णपट घ्यावा आणि क्षार न घालता तेवढाच वेळ द्रावकात ठेवलेला नमुनाही तपासावा.

डी आणि जी (ग्राफीनच्या जाळीचे नेहमीचे शिखर) या शिखरांच्या तीव्रतेचे गुणोत्तर वाचताना तर अनुभवी माणसेही फसतात. दोषांमधील सरासरी अंतर सुमारे ३ ते ४ नॅनोमीटरपर्यंत घटेपर्यंत हे गुणोत्तर वाढते आणि त्यापुढे दोष वाढले तरी ते उतरू लागते. त्यामुळे शिखरांची रुंदी आणि २७०० सेमी⁻¹ जवळील शिखराची अवस्था न पाहता काढलेला निष्कर्ष अगदी उलटाही ठरू शकतो.

अभिक्रियेचा वेळ वाढवला म्हणजे ग्राफीनवरील गटांची दाटी वाढेलच, असेही नाही. क्षारातून सुटणारे ॲरिल मूलक (एकटा इलेक्ट्रॉन असलेले गट) अत्यंत क्रियाशील असल्यामुळे आधी जोडलेल्या वलयांवरच हल्ला करतात आणि काही नॅनोमीटर जाडीचा बहुस्तरीय थर वाढत जातो. अणुबल सूक्ष्मदर्शकाने जाडी मोजल्यास हे उघड होते. एकच थर हवा असेल, तर वलयावर ३ आणि ५ या स्थानी टर्शरी ब्यूटिल गट असलेला क्षार वापरावा, कारण हे अवजड गट पुढील जोडणीची वाट अडवतात.

नायट्रो गट असलेल्या नमुन्याच्या क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटात (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरील मूलद्रव्ये ओळखणाऱ्या मापनात) ४०६ इलेक्ट्रॉनव्होल्टजवळील नायट्रोजनचे शिखर मापन चालू असतानाच क्षीण होऊ शकते, कारण क्ष-किरणांमुळे त्या गटाचे क्षपण होते. म्हणून तो भाग सर्वप्रथम मोजावा. फ्लोरिन आणि बोरॉन दोन्ही दिसले, तर टेट्राफ्लोरोबोरेट क्षार (बोरॉन व फ्लोरिनचा ऋण आयन असलेला डायझोनियम क्षार) धुतला गेलेला नाही, असा संशय घ्यावा व ॲसिटोनायट्राइलने पुन्हा धुवावे. ग्राफीन उतरवताना त्यावर राहिलेले पॉलिमरचे अवशेषही अभिक्रिया असमान करतात. ते आधीच काढलेले बरे.

कोरडे डायझोनियम क्षार स्फोटक ठरू शकतात. टेट्राफ्लोरोबोरेट तुलनेने स्थिर असला, तरी तो थोड्याच प्रमाणात, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावा आणि धातूच्या चमच्याने खरवडू नये.